नान घ्या, गप बसा!

मदत म्हटलं की मी आधी गोणीवरचा शिक्का बघतो. गोदीत हमाली करतो मी. ओझं कुणाच्या पाठीवर आणि नाव कुणाचं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीहून अफगाणिस्तानला गव्हाचे ट्रक निघाले. भारताने ५०,००० टन कबूल केले होते. गोणीवर छापलेलं : भारताच्या जनतेकडून अफगाण जनतेला भेट. गहू गेला, बरंच झालं. उपाशी पोट शिक्का वाचत नाही. पण दोस्तांनो, ती गोणी तिथं कुणाच्या हातात पडते? यादी कोण करतो? पुरुष नसलेल्या घराचं नाव त्या यादीत कोण घालतो?

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये घुसले. मुलींच्या हायस्कुलांना कुलूप. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांना कुलूप. त्याच महिन्यात २४ तारखेला फर्मान : मदतसंस्थांत बायकांनी काम करायचं नाही. एप्रिल २०२३ मध्ये युनोतल्या अफगाण बायकांनाही घरी बसवलं. ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. परक्या पुरुषाने घरातल्या बाईशी बोलायची सोय नाही. म्हंजे नोंद घ्यायला बाई आली नाही, तर चाळीस वर्षांच्या लढायांनी विधवा केलेली बाई वहीत येणार कशी? वहीत नाही, तर रांगेत नाही. रांगेत नाही, तर भाकरी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दाई आणि नर्स घडवणारे वर्गही बंद केले. बाईला बाईनेच तपासायचं, आणि बाईला शिकू द्यायचं नाही! सरळ ‘मरा’ म्हणायचीही हिंमत नाही साल्यांच्यात.

आता दुसरा शेटजी. अफगाण मध्यवर्ती बँकेचे ७ अब्ज डॉलर अमेरिकेने न्यूयॉर्कमध्ये गोठवले. ११ फेब्रुवारी २०२२ ला बायडेनने त्यातले निम्मे ९/११ च्या कोर्टदाव्यांसाठी बाजूला काढले. उरलेले निम्मे पुढं स्वित्झर्लंडच्या एका फंडात गेले. देशाची तिजोरी कुलपात, शाळामास्तरणीचा पगार महिनोन्महिने थकलेला, आणि मग तिच्याच दारात पोतं टाकून फोटो! ह्याला मी दान म्हणू? च्यायला, मजुरी दाबून ठेवायची आणि सणाला लाडू वाटायचे, ही मुकादमी आपल्याला नवी नाही.

पुढं तेही जड झालं. २०२३ मध्ये पैसा नाही म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाला १ कोटी अफगाणांचं अन्न तोडावं लागलं. २०२५ मध्ये अमेरिकेने हातच काढून घेतला. कारण काय, तर मदत तालिबानच्या घशात जाते. तालिबानचा मंत्री काय उपाशी झोपला? झोपली ती बाई आणि तिची पोरं.

आणि आपली दिल्ली? १० ऑक्टोबर २०२५ ला तालिबानचा परराष्ट्रमंत्री मुत्तकी तिथं पत्रकारांसमोर बसला. बाई पत्रकार एकही नाही. बोंब झाली तेव्हा दोन दिवसांनी बायकांना बोलावलं. बोंब झाली म्हणून बोलावलं, हे ध्यानात ठेवा.

काही शहाणे म्हणतील, आधी पोट बघा, बाईचे हक्क नंतर. हे ‘नंतर’ आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ ऐकलंय. २००४ च्या त्सुनामीत लाट सगळ्यांवर आली, पण नागपट्टणमच्या छावण्यांत दलितांना वेगळं काढलं. वाटणारा हात जुना असला की तो अन्नाबरोबर जुनी उतरंडही वाटतो. म्हणून पोट आणि हक्क हे दोन प्रश्न नाहीतच. वही ज्याच्या हातात, पोट त्याच्या मुठीत.

१३ ऑगस्ट २०२२ ला काबूलच्या रस्त्यावर चाळीसेक बायका उतरल्या. घोषणा होती : नान, कार, आझादी. भाकरी, काम, स्वातंत्र्य. तालिबानने हवेत गोळ्या झाडून त्यांना पांगवलं. जगातल्या दयाळू लोकांनी त्यातला पहिलाच शब्द ऐकला, आणि तोही आता विसरायला लागलेत.

मी तिन्ही शब्द ऐकतो. गहू थांबवू नका, एक दाणाही थांबवू नका. पण वाटायला तिथलीच बाई पाहिजे, वही तिच्या हातात पाहिजे, पगार तिच्या नावावर पाहिजे. त्यांच्या बँकेचा पैसा त्यांच्या लोकांच्या पोटी लागला पाहिजे. आणि जो सरकारी पाहुणा बाईला समोर बसू देत नाही, त्याच्यासाठी दिल्लीत सतरंजी अंथरणाऱ्यांना आपण रस्त्यावर जाब विचारला पाहिजे.

दया तुमची तुमच्याकडे ठेवा. तिचं आहे ते तिला द्या.