खाचरातला मिथेन आणि क्षमतेचा प्रश्न

भारतातील भातखाचरांतून दरवर्षी ३ कोटी ७० लाख टनांहून अधिक मिथेन वायू वातावरणात जातो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९० च्या सुमारास जगापुढे मांडला होता. पृथ्वीचे तापमान वाढविणाऱ्या वायूंत मिथेनचा क्रमांक वरचा आहे. तेव्हा या हिशेबाप्रमाणे तंजावरच्या चिखलात दिवसभर कमरेत वाकून रोपे लावणारी शेतमजूर स्त्रीही जगाची अपराधी ठरत होती. हा अंदाज प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील शेतांवरच्या निरीक्षणांतून काढलेला होता. १९९१ साली डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी देशातील खाचरांत प्रत्यक्ष मोजणी केली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन, म्हणजे मूळ दाव्याच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याइतका.

‘विकसनशील देशांची क्षमता वाढविणे’ हा शब्दप्रयोग आज प्रत्येक आंतरराष्ट्रीय ठरावात आढळतो. १९९१ च्या मोजणीने त्याचा खरा अर्थ दाखवून दिला. ज्याच्या हाती मोजमाप असते तोच दोषही वाटून देतो. हे मोजमाप आपल्या हाती असणे ही क्षमतेची पहिली पायरी होय.

कोणी कोणाला शिकविले?

मराठी वाचकाला तंजावर परिचित आहे ते भोसले राजघराण्यामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. परंतु या जिल्ह्याचा खरा इतिहास कावेरीच्या पाण्याने आणि कष्टकऱ्यांच्या श्रमाने लिहिलेला आहे. चोळ राजा करिकाल याच्या नावाने ओळखले जाणारे कल्लणै धरण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात कोल्लिडमवर बंधारे घालणाऱ्या आर्थर कॉटन या ब्रिटिश अभियंत्याने, खोल वाळूवर पाया कसा घालावा हे आपण या देशातील जुन्या बांधकामांपासून शिकलो, अशी स्वच्छ कबुली दिली आहे. मागासलेल्या देशांना ज्ञान बाहेरूनच द्यावे लागते, या समजुतीला याहून मोठे उत्तर कोणते?

बियाण्याची कथाही तीच आहे. पुरात पंधरवडाभर बुडूनही तग धरणाऱ्या भाताचा गुण ओडिशातील एका जुन्या देशी वाणात होता. शास्त्रज्ञांनी २००६ साली त्या गुणामागील जनुक नेमके ओळखले, आणि आज कावेरीच्या खोऱ्यात लावल्या जाणाऱ्या सी. आर. १००९ या वाणातही तो उतरविण्यात आला आहे. तंजावर जिल्ह्यातीलच अडुतुरै येथील भात संशोधन केंद्र १९२२ पासून काम करीत आहे. अशा सार्वजनिक संस्थांना पैसा आणि माणूसबळ पुरविण्यात सरकारे हात आखडता घेतात, तेव्हा ती देशाची क्षमताच मोडीत काढीत असतात.

पाण्याची हमी कोठे आहे?

मिथेन कमी व्हावा यात वाद नाही. खाचरात सतत पाणी उभे न ठेवता ते आळीपाळीने भरावे व सुकू द्यावे, ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि तिने पाणीही वाचते. पण शेत सुकू देण्याचे धाडस कोणता शेतकरी करील? पुढची पाळी ठरल्या दिवशी मिळेल अशी ज्याला खात्री आहे तोच. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला ती खात्री नाही. मेट्टूर धरणाचे पाणी कुरुवै हंगामासाठी १२ जूनला सोडण्याची प्रथा आहे. २०२३ साली ते वेळेवर सुटले, पण ऑक्टोबरातच बंद करावे लागले. २०२४ साली ते सुटण्यास जुलैची अखेर उजाडली. २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये तर कावेरी दुथडी भरून वाहत असताना मुक्कोंबू येथील जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. डागडुजीचे दुर्लक्षित काम हाही हवामानाचाच प्रश्न आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला आलेल्या गज चक्रीवादळाने पट्टुकोट्टै आणि पेरावूरणीकडील नारळबागा भुईसपाट केल्या.

अशा वेळी नुकसानभरपाई मिळते ती सातबाऱ्यासारख्या कागदावर ज्याचे नाव असते त्याला. तोंडी कराराने जमीन कसणारे कूळ यादीबाहेर राहते, आणि शेतमजुराचे तर पीकच नसल्यामुळे पीकविमाही नसतो. त्याचा बुडालेला रोजगार कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

संघटना हीच मोठी क्षमता

आणखी एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. खाचरातल्या मिथेनचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारला जात असतानाच त्याच खोऱ्यातील जमिनीखालचा मिथेन काढण्याचा परवाना २०१० साली एका खाजगी कंपनीला देण्यात आला. हा मन्नारगुडी प्रकल्प शेतकऱ्यांच्या प्रखर विरोधामुळे २०१३ साली स्थगित झाला व २०१५ साली त्यावर बंदी आली. पुढे २०२० साली तमिळनाडूने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा दिला, जरी आधीपासून चालू असलेल्या तेल-वायू कामांना त्याने हात लावला नाही. हे यश कोणत्याही परदेशी प्रशिक्षणवर्गातून आलेले नाही. १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखाली याच जिल्ह्यात शेतमजूर व कुळे संघटित झाली, १९५२ साली पण्णैयाळ संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९६८ साली कीळवेण्मणी येथे ४४ दलित स्त्री-पुरुष-बालकांना जाळून मारण्यात आले तरी ती चळवळ विझली नाही. ही त्याच परंपरेची पुढची कडी आहे.

श्रीमंत राष्ट्रांचे देणे मात्र यामुळे माफ होत नाही. २००९ साली कोपनहेगन येथे त्यांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते दोन वर्षे उशिरा पुरे झाले, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा होता. २०२४ साली बाकू येथे विकसनशील देशांनी १,३०० अब्ज डॉलरची मागणी केली, तेव्हा २०३५ पर्यंत ३०० अब्जांवर बोळवण झाली. ज्यांनी दीडशे वर्षे धूर ओकला त्यांनी नुकसान सोसणाऱ्याला कर्ज द्यावे आणि त्यावर व्याज घ्यावे, याला मदत म्हणत नाहीत.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. बाहेर, कर्ज नव्हे तर अनुदान आणि पेटंटच्या बेडीतून मुक्त तंत्रज्ञान. देशात, शेपटापर्यंत पाण्याची हमी, कुळाची नोंद, शेतमजुराच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई आणि सार्वजनिक संशोधनाला पुरेसा पैसा. पहिली मागणी केवळ परिषदांत मांडून दुसरीकडे पाठ फिरविणाऱ्या सत्ताधाऱ्यांना जाब विचारण्याचे काम संघटित किसान व शेतमजूर चळवळीचे आहे, आणि तंजावरच्या कष्टकऱ्यांनी ते कसे करावे हे यापूर्वीच दाखवून दिले आहे.