लाकडी फरशी : हौस करावी, पण लाकूड ओळखून

जळगाव आणि धुळे शहरांत नवे घर बांधणारे किंवा जुन्या घराची दुरुस्ती काढणारे लोक अलीकडे आवर्जून 'वुडन फ्लोअरिंग'ची चौकशी करताना दिसतात. सगळ्या घराला नाही, तरी निदान वरच्या मजल्यावरील एका खोलीला ती हवी असते. शहाबादी फरशी, कोटा, मोझॅक आणि नंतर मोरबीच्या टाइल्स असा आपल्या घरांचा प्रवास झाला, त्यातील हा पुढचा टप्पा. हौसेला मोल नसते, आणि कष्टाच्या कमाईतून कोणी ती करीत असेल तर इतरांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. लाकडी म्हणून जो माल खपवला जातो त्यातील पुष्कळशा मालात लाकडाची फळी नसतेच, आणि जो माल खरोखर लाकडाचा असतो तो बसवताना खानदेशच्या हवेचा विचार होत नाही. पैसा जातो ग्राहकाचा, नाव खराब होते ते स्थानिक दुकानदाराचे आणि सुताराचे.

प्रथम माल कोणता ते पाहू. बाजारात लाकडी फरशीच्या नावाने चार गोष्टी मिळतात. पहिली लॅमिनेट. लाकडाचा लगदा दाबून केलेला सात ते बारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि त्यावर घर्षण सोसणारा पारदर्शक थर. हा प्रकार 1977 मध्ये स्वीडनमध्ये निघाला. दुसरी व्हिनाइलची किंवा एसपीसीची पट्टी, म्हणजे चक्क प्लास्टिक. जळगाव हे पाइपांचे आणि प्लास्टिकच्या चटयांचे गाव. तेथे प्लास्टिकला लाकूड म्हणून विकणे म्हणजे सोनाराला पितळ दाखवण्यासारखे आहे, पण तेही होते! तिसरी इंजिनिअर्ड फरशी, म्हणजे खाली प्लाय आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ थर. चौथी अखंड लाकडाची फळी, साधारण पाऊण इंच जाडीची.

यांपैकी कोणतीही वस्तू वाईट नाही. लॅमिनेट स्वस्त आहे आणि एका दिवसात खोली तयार होते. एसपीसीला पाण्याची भीती नाही. वाईट आहे ती लपवाछपवी. लॅमिनेटवर ओरखडा खोल गेला की आतला भुरा बोर्ड दिसतो, त्याला रंधा किंवा पॉलिश कागद मारून पुन्हा नवे करता येत नाही. अखंड सागाची फळी मात्र घासून, तेल-पॉलिश देऊन पुन्हा पुन्हा उभी करता येते. इंजिनिअर्ड फरशीत वरचा थर किती मिलिमीटरचा आहे यावर सारे अवलंबून असते. अर्धा मिलिमीटरचा थर एकदाही घासता येत नाही, चार मिलिमीटरचा दोन-तीन वेळा सहज घासता येतो. दुकानात दोन्ही तुकडे वरून सारखेच दिसतात. तुकडा हातात घेऊन त्याची कड पाहावी, सगळे तेथेच कळते. मालातील दोष आणि मर्यादा सांगून माल विकणे ही आपल्याकडे व्यापाराची पहिली अट मानली गेली आहे. लाकडाच्या धंद्याला ती लागू नाही असे कोणी म्हणू नये.

आता हवेचा प्रश्न, आणि खरी गोम येथे आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट. लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते. लांबीत त्याचा फरक जवळजवळ पडत नाही, पण रुंदीत पडतो. साग हे या बाबतीत अत्यंत शहाणे लाकूड, तरीही त्यातील ओल चार टक्क्यांनी बदलली तर चार इंच रुंदीची आडवी चिरलेली फळी सुमारे पाऊण मिलिमीटर फुगते वा आखडते. बारा फुटांच्या खोलीत अशा छत्तीस फळ्या येतात. हिशेब केला तर एकूण फरक एक इंचाच्या आसपास जातो. हा इंच कोठे जाणार? भिंतीशी जागा सोडलेली नसेल तर फरशी मधोमध कुबड काढून उठते. म्हणून भिंतीपासून चारी बाजूंनी जागा सोडणे आणि ती स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकणे ही शोभा नाही, गरज आहे. लॅमिनेटला दहा-बारा मिलिमीटर पुरतात, अखंड फळ्यांना रुंदीच्या दिशेने त्याहून जास्त लागते. थोडी फुगवट फळ्यांचे सांधे पोटात घेतात, बाकीची भिंतीकडे जाते. फळी जितकी अरुंद तितका त्रास कमी. शहरी मासिकांतील फोटो पाहून आठ इंची फळ्यांचा हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्यात आपल्या घरातील कूलर. बाहेर हवा कोरडी असताना कूलर एकाच कोपऱ्यावर दमट वारा फेकत असतो, आणि त्याच्या टाकीतून पाणी ठिबकते ते निराळेच. खोलीचा एक भाग भिजरा आणि दुसरा वाळलेला, अशा अवस्थेत लॅमिनेटचे सांधे फुगून वर येतात व पुन्हा खाली बसत नाहीत. लाकडी फरशीच्या खोलीत कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवरच हवा. रोज बादलीभर पाण्याने पोछा मारण्याची आपली सवय, न्हाणीघरातून किंवा वजू करून ओल्या पायांनी होणारी ये-जा, यांचाही विचार घरातील बायांना विचारून करावा. फरशी पुसणार त्या, आणि ती ठरवणार पुरुष, ही पद्धत फारशी शहाणपणाची नाही.

तळमजल्याबाबत आमचे मत स्पष्ट आहे : काळ्या मातीवरील घरात तळमजल्याला लाकडी फरशी घालू नये. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. जोत्यातील भराव नीट दाबलेला नसेल तर टाइल्सही खचतात, मग लाकडाचे काय? शिवाय वाळवी. तिला जमिनीतून वर यायला एक बारीक फट पुरते. घालायचीच असेल तर भारतीय मानक 6313 प्रमाणे वाळवीविरोधी प्रक्रिया करून घ्यावी. तीही जोते भरताना झाली तर खरी, नंतर भोके पाडून केलेली दुय्यम.

वरच्या मजल्यावर बसवताना स्लॅब पुरता वाळलेला असावा. दोन फूट प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस-रात्र ठेवावा. खाली दव धरले तर अजून थांबायचे. सहा फुटी सरळ पट्टी जमिनीवर ठेवून खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हल करून घ्यायची. माल खोलीत आणून लॅमिनेट दोन दिवस आणि अखंड फळ्या किमान दोन आठवडे तशाच ठेवाव्यात, म्हणजे त्या घराची हवा धरतात. मुहूर्त पाहायचा तर हवेचा पाहावा. मे महिन्यात बसवलेली फरशी पावसाळ्यात फुगते, ऑगस्टमध्ये बसवलेलीला पुढच्या उन्हाळ्यात फटी पडतात. दिवाळीनंतरचे दोन महिने त्यातल्या त्यात बरे. दरवाजे खालून किती रंधावे लागतील हेही तेव्हाच मोजावे. हा खर्च अंदाजपत्रकात कधीच नसतो आणि भांडण मात्र नेहमी त्यावरून होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती. खानदेशाला लाकडी जमीन नवी नाही. जुन्या वाड्यांच्या माड्यांना सागाच्या तुळया, त्यावर कड्या आणि त्यावर फळ्या असत. या कामाला तक्तपोशी म्हणत, शब्द फारसी 'तख्त'वरून आलेला. यावल, रावेर, चोपड्याकडचा सातपुडा, आणि 1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा, नवापूरची जंगले, येथील साग आपल्या घरांत शिरला तो असा. आज हे वाडे पडत आहेत. वाटण्या होतात, जागा बिल्डरकडे जाते, आणि पाडकामाच्या ठेक्यात तुळया-कड्या एकगठ्ठा भावाने निघून जातात. त्याच घरातील मुलगा मग नव्या फ्लॅटमध्ये सागाच्या रेषा छापलेला कागद विकत घेतो. या व्यवहाराला काय म्हणावे?

हिशेब सोपा आहे. बारा बाय बारा फुटांची खोली म्हणजे 144 चौरस फूट. पाऊण इंच जाडीने नऊ घनफूट लाकूड. करवत, रंधा, जीभ-खोबण यांत जाणारे धरून चौदा घनफूट ठेवा. बारा फूट लांब आणि आठ बाय सहा इंचांची एक तुळई चार घनफूट भरते. म्हणजे धड असलेल्या चार तुळयांतून एका खोलीची फरशी निघते, आणि कोणत्याही वखारीत मिळणार नाही इतके मुरलेले लाकूड मिळते. अडचणी आहेत. आत खिळे असतात, त्याने करवतीचे पाते जाते, म्हणून सॉ मिलवाले नाखूष असतात. मातीत किंवा भिंतीत गाडलेली टोके कुजलेली निघतात. ती कापून टाकावी लागतात. पण वाडा पाडण्यापूर्वी एखाद्या जाणत्या सुताराला दोन तास नेऊन लाकूड मोजून घेतले, तर ठेकेदाराशी बोलताना आपली बाजू लंगडी राहत नाही.

ज्यांच्याकडे जुने लाकूड नाही त्यांनी नवा साग घेताना लिलावाची पावती आणि वाहतूक पास कोठला आहे हे विचारावे. ब्रह्मदेशाने 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. त्यामुळे आता कोणी ताजा ओंडका दाखवून 'बर्मा टीक' म्हणत असेल तर कागद मागण्यात संकोच नको. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील लागवडीचा साग बाजारात भरपूर आहे. तो लवकर वाढवलेला, त्यात बाहेरचा पांढुरका भाग जास्त असतो, आणि वाळवीला तोच आधी रुचतो. बांबूचाही विचार करण्यासारखा आहे. 2023 मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनात सागवान नागपूरचे आणि जमीन त्रिपुरातील बांबूची आहे. पण बांबूची पट्टीही आपल्या उन्हाळ्यात आखडते, तेव्हा जागा सोडण्याचा नियम तोच.

सुतार बंधूंना एक सांगणे. कंपनीचे फिटर बाहेरून येतात आणि दोन दिवसांत मजुरी घेऊन जातात, ही तक्रार ऐकू येते. लॅमिनेट जोडणे हे चौकट-दरवाजा करणाऱ्या हाताला अवघड नाही. ओल मोजण्याचे छोटे यंत्र, लेव्हल आणि एक चांगली कटिंग मशीन एवढेच लागते. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. तीत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात 1 लाख रुपयांपर्यंत 5 टक्के दराने कर्जाची तरतूद आहे. व्याज आम्हास मान्य नाही असे म्हणणाऱ्यांना कर्ज घेण्याची सक्ती नाही, अवजारांची मदत त्यावाचूनही मिळते.

आणि ग्राहकांनी बिल घ्यावे. बिलावर 'वुडन फ्लोअरिंग' इतकेच लिहिलेले चालणार नाही. लॅमिनेट, इंजिनिअर्ड की अखंड, लाकडाची जात, जाडी, वरच्या थराची जाडी आणि बसवण्याची हमी कोणाची, दुकानाची की फिटरची, हे लिहून घ्यावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी लागत नाही. पण तेथे पहिला प्रश्न बिलाचाच विचारला जातो.