खाडाखोड न दिसणारी वही

एक्सेलच्या कोऱ्या रकान्यात ७/१२ असे टंकित करून एंटर दाबून पाहावे. ज्या उताऱ्यावर आपल्या शेतकऱ्याचा संसार उभा असतो, त्या सातबाऱ्याची या यंत्राला ओळखच नसते. ते त्याची तारीख करून टाकते: ७ डिसेंबर. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर १२ जुलै. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटते खरी. पण त्याच रकान्यात गट नंबर ५/२ लिहिला की त्याचा ५ फेब्रुवारी होतो आणि १३२/२ मात्र जसाच्या तसा राहतो. म्हणजे यादीतले काही गट बिघडतात, काही शाबूत राहतात आणि वरवर चाळणाऱ्याला सारेच ठीक दिसते. मागाहून कोणी त्या रकान्याला ‘हा आकडा नव्हे, मजकूर आहे’ असे बजावले, तरी ५/२ परत येत नाही. तिथे भलतीच पाच आकडी संख्या उमटते. मूळ नोंद गेलेली असते.

बँकेच्या खाते क्रमांकाचीही हीच गत. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये यंत्राला निरर्थक वाटतात. ती ते गाळते. पंधरापेक्षा जास्त आकडे असले तर पंधराव्याच्या पुढच्या आकड्यांची शून्ये करते. यात बिघाड काही नाही. हे साधन हिशेबासाठी जन्माला आले आणि हिशेबात आधीच्या शून्याला किंमत नसते. आपण त्याच्यावर गावाची ओळख ठेवायचे काम सोपवले, ही गोष्ट वेगळी.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत तर हे काम घरोघर पोचले आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा अशी सहकारी कारखान्यांची रांग इथे आहे. गावोगाव विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था, बचत गट आहेत. नीरा डावा कालवा आणि उजनीचे पाणी यांच्यावर जी समृद्धी आली, ती शेवटी कुठल्या तरी यादीतून माणसापर्यंत पोचते. मोठ्या संस्थांकडे स्वतःच्या संगणक प्रणाली असतात. लहान संस्थेकडे एक संगणक, एक सचिव आणि ‘अंतिम यादी नवी २’ अशा नावाची एक फाइल असते.

इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका दूध संस्थेतला प्रकार मी जवळून पाहिला. यादीत उत्पादकांची नावे एका बाजूला, खाते क्रमांक व रक्कम दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये दिसायला सुटसुटीत म्हणून सोडलेला एक कोरा रकाना. सचिवांनी नावे अकारविल्हे लावली. कोऱ्या रकान्यापाशी एक तक्ता संपला असे यंत्र समजते. त्यामुळे नावे हलली, खाती आणि रकमा जागच्या जागी राहिल्या. कसली सूचना नाही, की लाल खूण नाही. पुढे दर दहा दिवसांचे बिल करताना नावासमोरची रक्कम नव्याने भरली गेली, ती योग्य माणसाची. पण शेजारचा खाते क्रमांक दुसऱ्याचा होता. बँकेतून पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, नावावर नव्हे. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या एका बाईंचे बिल एका बागायतदाराच्या खात्यात गेले आणि त्यांनी ते आपलेच समजून खर्चूनही टाकले. बाई विचारायला गेल्या तर उत्तर मिळाले, ‘‘मावशी, आमच्याकडनं गेलेत. बेरीज जुळतीय.’’ बेरीज खरोखरच जुळत होती, अगदी पैशापर्यंत! बँकेत गेल्या तर त्यांना संस्थेत विचारायला सांगितले. दोन बिले अशी गेल्यावर आणखी चौघांनी तक्रार केली, तेव्हा कोठे कोणी जुनी यादी काढून ताडून पाहिली.

मला या प्रकरणात सचिवांपेक्षा त्या जुळणाऱ्या बेरजेची धास्ती वाटते. कीर्द-खतावणीच्या काळात चुका होत नव्हत्या असे नाही. पण वहीत चूक दुरुस्त करायची तर आकड्यावर रेघ मारून शेजारी सही करावी लागे. ती खाडाखोड हाच पुरावा असे. पान फाडले तर फाटलेली कड दिसे. संगणकाच्या तक्त्यात एक ओळ पुसली गेली की खालची ओळ वर सरकते, मागे भोक राहत नाही. फाइल जतन करून बंद केली की केलेले उलटवण्याची सोयही बहुधा संपते. शिवाय हल्ली काही ठिकाणी जतन करणे आपोआपच होते. म्हणजे चूकही आपोआप जतन होते.

हे फक्त खेड्यातच घडते अशी कोणाची समजूत असेल तर २०२० सालचे इंग्लंड आठवावे. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांकडून आलेले करोनाचे निकाल जुन्या धाटणीच्या एक्सेल फाइलमध्ये घेतले. त्या फाइलला ६५,५३६ ओळींची मर्यादा. त्यापुढचे निकाल निमूटपणे गळाले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावेच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे. यंत्र बदलत नाही म्हणून विज्ञानाने नाव बदलले! आपण काय गट नंबर बदलणार आहोत?

आपल्याकडे २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत बँकांकडून आलेल्या याद्यांमध्ये एकच आधार क्रमांक अनेक शेतकऱ्यांपुढे लागल्याचे आढळले होते. त्या गोंधळाचे सारे खापर एका साधनावर फोडणे बरोबर नाही. पण हेलपाटे कोणाच्या वाट्याला येतात, हे त्या वेळी दिसले. यादी करणारा एकीकडे, यादीतला माणूस दुसरीकडे, आणि चूक ओळखू शकणारा एकमेव माणूस तोच, ज्याला यादी दाखवलेली नसते.

म्हणून मला उपाय सुचतो तो जुनाच आहे. २०१७ मध्ये महसूल खात्याने संगणकीकृत सातबारे हस्तलिखिताशी जुळावेत म्हणून गावोगाव चावडी वाचन घेतले. नावे, क्षेत्र मोठ्याने वाचले आणि लोकांनी जागच्या जागी हरकती सांगितल्या. दूध संस्थेने, सोसायटीने हेच का करू नये? पैसे बँकेत पाठवण्याआधी एक दिवस यादी फलकावर लागावी. पूर्ण खाते क्रमांक तिथे मुळीच नको, आजच्या फसवणुकीच्या दिवसांत तो वेडेपणा ठरेल. नाव आणि शेवटचे चार आकडे पुरेत. आलेली मूळ फाइल वेगळी ठेवून तिला हात लावू नये, काम प्रतीवर करावे. क्रमांकाचे रकाने भरण्याआधीच मजकूर म्हणून ठरवावेत. सचिवाला वेळ नसतो हे खरे आहे; त्याचा पगार पाहता त्याच्याकडून हे फुकटात मागणेही बरे नव्हे. संचालक मंडळाने त्यासाठी मदतनीस द्यावा. आणि सहकार कायद्याच्या कलम ८१ खाली लेखापरीक्षणाला येणाऱ्यांनी बेरजेवर टिकमार्क करून न थांबता दहा-वीस नावे उचलून ती पासबुकाशी ताडावीत.

सप्टेंबरअखेरपर्यंत गावोगावच्या संस्थांच्या वार्षिक सभा होतात. अहवाल वाचन, मंजूर-मंजूरचा गजर आणि चहा असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. त्यात एखाद्या सभासदाने उभे राहून एवढेच विचारावे, की गेल्या वर्षीची मूळ यादी कोठे ठेवली आहे, आणि ती आता, इथे, उघडून दाखवता येईल का?