सावित्रीबाईंची कविता कानावर पडू द्या!

३ जानेवारी आली की शाळाशाळांतून चिमुकल्या सावित्री दिसतात. नऊवारी लुगडं, कपाळावर कुंकू, हातात पाटी. शेण-दगडांचा प्रसंग त्यांना तोंडपाठ असतो. टाळ्या पडतात, फोटो निघतात. पण मैत्रिणींनो, या सावित्रीबाई फुले कवयित्री होत्या, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती, त्या काळात, १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला. वय अवघं तेवीस! त्यात फुलांवरच्या कविता आहेत, तशा ‘शिका’ म्हणून पाठीस लागणाऱ्याही आहेत. एका कवितेत तर बायकांचा आपसातला संवाद आहे. चार जणींनी वाटून घेऊन म्हणावी अशीच ती.

सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग गावोगावी केला. एक बाई समोर उभी राहून आपली कहाणी सांगते, बस्स. ती ऐकायला अक्षरओळख लागत नाही.

आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत सळ्यांचे कारखाने आहेत, बियाण्यांचा धंदा आहे. इथे राबणाऱ्या कितीतरी जणींची शाळा लहानपणीच सुटली. पुस्तक हातात दिलं तर ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणतील. पण मोठ्यानं वाचून दाखवलं तर? बचत गटाची बैठक आहे, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. पंधरा मिनिटं काढायची. जिला वाचता येतं तिनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ हे पुस्तक वाचनालयात मागा.

आणखी एक. ज्या हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा मैत्रिणीला आवतण नाही, तिथे ही कविता वाचणं शोभायचं नाही. अडचणीत सापडलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी फुले पतीपत्नींनी १८६३ मध्ये आपल्या घराचं दार उघडलं होतं. १८९० मध्ये जोतिराव गेले, तेव्हा टिटवं हाती धरून सावित्रीबाई अंत्ययात्रेत पुढे चालल्या. त्यानंतरच त्यांनी ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ हे काव्य रचलं. म्हणजे ते रचणारी कवयित्री स्वतः विधवाच होती! पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्या गेल्या.

तेव्हा यंदा वाणाबरोबर एक कविता द्या. आणि ती ऐकायला सगळ्याजणींना बोलवा.