प्रवासाचं खेळणं: अठरा ठोकळे नकोत, चार पुरेत



खेळण्यांच्या दुकानावर व्हिडिओ केला आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "ताई, लहान मुलांच्या खेळण्यात मार्जिन कशात जास्त?" उत्तर देते. पण आधी माझ्याच दुकानातल्या एका मालाची गोष्ट सांगते. माल मीच निवडला, मीच विकला आणि मीच चुकले.

माझं दुकान साताऱ्यात, माहेर सांगलीत. तीन वर्षांपूर्वी एका होलसेलवाल्याकडून मी शेप सॉर्टरचे ३६ डबे उचलले. शेप सॉर्टर म्हणजे गोल, चौकोन, त्रिकोण असे ठोकळे आपापल्या भोकातून डब्यात टाकायचं खेळणं. एका डब्यात १८ ठोकळे, रंगीत झाकण, वर वर्षभराच्या गोंडस बाळाचा फोटो. खरेदी १६५ रुपये, विक्री २९९. एका नगामागे १३४ रुपये सुटतात म्हटल्यावर मी खूश. गिऱ्हाईक विचारायचं, "गाडीत घेऊन बसायला काही आहे का?" की माझा हात थेट त्या डब्याकडे. महिनाभरात २२ डबे गेले.

मग माझ्याच १६ महिन्यांच्या मुलाला घेऊन एसटीनं माहेरी निघाले. सोबत अर्थातच तोच डबा. कराड येईपर्यंत पाच ठोकळे सीटखाली गेले होते. कासेगावच्या पुढे गाडीनं खड्ड्यात आपटी खाल्ली आणि मुलाचा आवाज एकदम बंद झाला. पेराएवढी पिवळी चांदणी त्याच्या घशाशी अडकली होती. शेजारच्या आजी ओरडल्या, "पालथा घाल गं, पालथा घाल!" मांडीवर पालथा घातला, पाठीत थापट्या मारल्या, तिसऱ्या थापटीला चांदणी खाली पडली. पेठ नाका येईपर्यंत आम्ही दोघंही रडत होतो.

सांगलीत पोचल्यावर तो डबा मी पहिल्यांदा नीट वाचला. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात वय लिहिलं होतं, ३ वर्षांपुढे. पुढे फोटो मात्र वर्षाच्या बाळाचा. आयएसआयचा शिक्का कुठेच नव्हता. आणि असे २२ डबे मी लोकांच्या घरात पोचवले होते.

परत आल्यावर व्हॉट्सअ‍ॅप आणि वहीतून १५ गिऱ्हाइकांचे नंबर मिळाले, त्यांना फोन केले. नऊ जणांनी डबे परत आणले, त्यांचे पूर्ण पैसे दिले. उरलेले १४ आणि परत आलेले ९ असे २३ डबे फोडून भंगारात टाकले. होलसेलवाल्यानं हात वर केले, कारण बिल कच्चं होतं. हिशोब केला तर २,०५३ रुपये तोटा. रक्कम मोठी नाही. पण ज्या सात जणांचे नंबरच माझ्याकडे नव्हते, ते अजून डोक्यातून जात नाहीत.

माझं मत

माझं मत सरळ आहे. लहान मुलाचं खेळणं निवडताना डब्यातले नग मोजू नका. ते कुठं आणि कोणाच्या हातात खेळलं जाणार हे आधी विचारा. हा प्रश्न न विचारता प्रवासाचं खेळणं विकणारा दुकानदार नुसता माल हलवतो.

सातारा ते सांगली प्रवास कसा होतो ते बघा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. म्हणजे त्याला स्वतःची सीटही नाही, तीन तास ते आईच्या मांडीवर. आईचा एक हात मुलाला धरायला, खांद्याला पर्स, पायाशी पिशवी. मग खेळण्यासाठी उरतो एक हात आणि वीतभर जागा. जे खेळणं तेवढ्यात मावत नाही ते प्रवासाचं नव्हे, डब्यावर काहीही छापलेलं असो.

मी आता चार गोष्टी बघते

पहिली, आकार किती. दीड वर्षाचं मूल बहुतेक वेळा गोल आधी बसवतं, कारण गोल कसाही धरला तरी भोकात जातो. चौकोन थोडा फिरवावा लागतो, त्रिकोण त्याहून जास्त. चांदणी आणि षटकोन त्या वयात नुसती चिडचिड वाढवतात, आणि हलत्या गाडीत तर विचारूच नका. जर्मनीत १८३७ मध्ये बालवाडीची सुरुवात करणाऱ्या फ्रोबेलच्या साहित्यात एक प्रसिद्ध संच आहे. त्यात आकार फक्त तीन: गोळा, घन आणि दंडगोल. दोनशे वर्षांपूर्वीच्या मास्तरला तीन पुरले, तर आपल्याला सांगलीपर्यंत चार पुरतील.

दुसरी, तुकडे सुटे पडतात का. प्रवासासाठी ठोकळे खेळण्यालाच धरून राहिले पाहिजेत. कापडी किंवा मऊ डबा, वर इलॅस्टिकच्या पट्ट्या आणि त्यातून आत ढकलायचे मोठे ठोकळे, हा प्रकार मला बरा वाटतो. आत गेलेला ठोकळा सहज बाहेर सांडत नाही. घेताना इलॅस्टिकची शिवण दोन्ही हातांनी ओढून बघा. दोरीनं बांधलेले ठोकळेही येतात, पण दोरी वीतभरापेक्षा लांब असेल तर घेऊ नका, ती गळ्याभोवती येऊ शकते. चेंडूसारखा गोल सॉर्टर घरात छान, एसटीत मात्र मांडीवरून घरंगळतो.

तिसरी, तोंडात जाईल का. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा तुकडा तपासायला प्रमाणित नळी असते, तिचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे नाण्यापेक्षा थोडी मोठी नळी. तुकडा न दाबता, कसाही फिरवून तिच्यात पूर्ण मावला तर तो लहानग्यासाठी नाही. मी जाड पुठ्ठ्याची नळी करून काउंटरखाली ठेवली आहे, आणि ती मुद्दाम मोठी, चार सेंटिमीटरची. नवीन सॅम्पल आलं की आधी नळीत टाकून बघते, मग भावाचं बोलते. पुठ्ठ्याची नळी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, पण नको तो माल दारातच थांबतो.

चौथी, आवाज आणि धुणं. गाणी वाजवणारं खेळणं गाडीत मागच्या-पुढच्या सीटला नकोसं होतं, शेवटी आई ते पिशवीत टाकते. आणि जे खेळणं एसटीच्या फरशीवर पडणारच आहे, ते नळाखाली धुता आलं पाहिजे.

कायदा माहीत नाही, असं म्हणू नका

धंदा सुरू करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. विजेवर किंवा सेलवर न चालणाऱ्या खेळण्यांचं मानक आयएस ९८७३, चालणाऱ्यांचं आयएस १५६४४. ही जबाबदारी फक्त कारखान्याची नाही. बीआयएस कायदा, २०१६ नुसार असा माल विकणं, साठवणं, विक्रीसाठी मांडणं यालाही मनाई आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. माझ्या त्या ३६ डब्यांवर मिळणारा सगळा नफा धरला तर ४,८२४ रुपये. त्यासाठी मी केवढी जोखीम काउंटरवर मांडून बसले होते, ते तुम्हीच बघा.

शिक्क्याजवळ परवाना क्रमांक असतो. तो मोबाइलवर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का ते बघता येतं. दोन मिनिटांचं काम. आणि पक्कं बिल घ्याच. कच्च्या बिलात वाचलेले पैसे परताव्याच्या वेळी दामदुप्पट जातात.

काही जण विचारतात, "आमच्या गावच्या सुतारदादाकडून लाकडी सॉर्टर करून घेऊ का?" कल्पना चांगली आहे. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची परंपरा आपल्याकडे आहेच. पण या सक्तीतून सूट आहे ती केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला, आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत उत्पादनांना. नुसतं "हातानं बनवलंय" म्हणून सूट मिळत नाही. आधी नोंदणी, मग ऑर्डर.

"पण ताई, गिऱ्हाईक तर जास्त ठोकळेच मागतं!"

मागतं, खरं आहे. तेवढ्याच पैशात १८ नग दिसले की बरं वाटतं. आणि तीन वर्षांपुढच्या मुलाला घरी चटईवर खेळायला मोठा डबा चांगलाच आहे, तो मीही विकते, शिक्का बघून. माझा विरोध मोठ्या डब्याला नाही. प्रवासाला निघालेल्या दीड वर्षाच्या मुलाच्या हातात तो देण्याला आहे.

आता माझ्या दुकानात संवाद असा होतो. "वहिनी, बाळ केवढं? गाडी कुठली, एसटी की स्वतःची?" एवढ्यावर निम्मा निर्णय होतो. कधी कधी मी सरळ सांगते, "उद्याच निघताय ना? मग घरच्या मसाल्याच्या डब्यातल्या दोन-तीन वाट्या धुऊन घ्या, आणि एक प्लास्टिकचा डबा. टाकायचं, काढायचं, एवढंच त्याला हवं असतं." त्या दिवशी विक्री होत नाही. पण त्या वहिनी पहिल्या वाढदिवसाची भेट घ्यायला दुसरीकडे जात नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. एका डझनातला एक डबा मी फोडून ठेवते, सुट्या ठोकळ्यांसाठी. कोणाचा त्रिकोण हरवला तर फुकट देते. त्रिकोण घ्यायला आलेलं माणूस रिकाम्या हातानं सहसा जात नाही.

तर मार्जिन कशात जास्त? कापडी चार ठोकळ्यांचा सॉर्टर मला २४० ला पडतो, ३४९ ला विकते. नगामागे १०९ रुपये, म्हणजे जुन्या डब्यापेक्षा २५ रुपये कमीच. पण अजून एकही परत आलेला नाही, आणि रात्री झोप लागते. माझ्या हिशोबात हे मार्जिन जास्त आहे.

या आठवड्याचं काम

सातारा किंवा सांगली स्टँडवर तासभर बसा. लहान मूल घेऊन गाडीत चढणाऱ्या दहा आया बघा. मुलाच्या हातात काय आहे, आईच्या हातात काय आहे, खाली काय पडतंय, ते वहीत लिहा. मग होलसेलवाल्याकडे जा. कॅटलॉग बघून माल निवडणारे खूप आहेत, स्टँडवर बसून निवडणारे थोडे. तुम्ही थोड्यांमधले व्हा.

आणि तुमच्या दुकानातून असा एखादा चुकीचा माल आधीच गेला असेल, तर आज फोन लावा. अवघड वाटतं, मला माहीत आहे. माझे सात फोन राहिलेत, म्हणून सांगते.

भेटू पुढच्या व्हिडिओत.