फळ्यामागचे डबे आणि गणिताचा शेरा

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असतानाचा एक प्रसंग आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही तोंडपाठ आहे. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. महाराचा पोरगा फळ्याकडे निघाला म्हणताच वर्गात एकच गलका झाला. डबे बाटू नयेत म्हणून मुले धावली, त्यांनी डबे हलवले आणि मगच भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. त्या दिवशी भीमरावांना बोलावले होते ते गणितासाठी. आज डबे कुणी उचलत नाही. आज आपली मुलेच फळ्याकडे जात नाहीत आणि व्यवस्थेला त्याचे सोयरसुतक नाही. उलट आता तर ‘नाही आलात तरी चालेल’ असे लेखी देण्याची तयारी झाली आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद वर्तमानपत्रांतून गाजली. दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ गुण मिळाले नाहीत, पण २० मिळाले, तर मुलाला पुढे जाऊ द्यायचे. मात्र गुणपत्रिकेवर शेरा मारायचा, की या विद्यार्थ्याला पुढे गणित किंवा विज्ञानावर आधारित अभ्यासक्रम घेता येणार नाही. शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षा द्यावी. नवा अभ्यासक्रम लागू होईल तेव्हा हा नियम यायचा आहे. त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. आपल्या संघटनांनीही त्याची म्हणावी तशी दखल घेतली नाही. हा शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर पडणार आहे, याचा विचार आपण केला आहे काय?

मी वकील आहे, गणिताचा शिक्षक नाही. तरी या विषयावर लिहावेसे वाटले त्याला एक प्रकरण कारण आहे. आमच्या वस्तीतली एक मुलगी जीएनएम करून एका खासगी रुग्णालयात नर्स म्हणून लागली होती. आई धुणीभांडी करणारी, वडील नाहीत. एका सकाळी मायलेकी माझ्याकडे आल्या. आई म्हणाली, “वकीलसाहेब, पोरीला कामावरून काढलं. पेशंटला जास्तीचं इंजेक्शन दिलं म्हणतात.” पोरगी मान खाली घालून बसली होती. मेमोत ‘गंभीर निष्काळजीपणा’ असे लिहिलेले होते.

प्रकार असा होता. डॉक्टरांनी मधुमेहाच्या रुग्णाला २० युनिट इन्सुलिन लिहिले होते. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसरीत १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, लाल टोपणाची ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. त्या रात्री फ्रीजमध्ये दोन्ही कुप्या शेजारी ठेवलेल्या होत्या आणि ट्रेमध्ये फक्त लाल टोपणाच्या सिरिंज होत्या. वॉर्ड भरलेला आणि नर्स एकटी. तिने १०० ची कुपी घेतली आणि लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध भरले. रुग्णाची साखर झपाट्याने उतरली. वेळीच लक्षात आले, ग्लुकोज दिले गेले आणि रुग्ण वाचला. नर्सची नोकरी मात्र गेली.

मी तिला कागद दिला आणि म्हटले, “४० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे किती मिलिलिटर?” ती म्हणाली, “अर्धा.” “मग १०० च्या कुपीतल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये किती युनिट?” तिने लिहिले : ५०. म्हणजे वीसऐवजी पन्नास, अडीचपट. कागदाकडे बघत ती म्हणाली, “सर, हे तर शाळेतलं त्रैराशिक आहे. पण असं कुणी कधी सांगितलंच नाही.”

दहावीला तिने सामान्य गणित घेतले होते. तेव्हा बीजगणित-भूमितीऐवजी ती सोय होती. ‘तुला जमणार नाही, हे घे, पास होशील,’ असे शाळेतच सांगितले गेले. मग अकरावी-बारावी कला शाखेतून. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. दहावीनंतर तिच्या आयुष्यात गणित आले ते थेट रुग्णाच्या दंडावर. आम्ही रुग्णालयाशी पत्रव्यवहार केला. दोन प्रकारच्या कुप्या एकत्र ठेवणे आणि रात्री एकटीवर वॉर्ड सोडणे ही चूक कुणाची, असे विचारले. बडतर्फी मागे घेतली गेली आणि तिला अनुभवाचा दाखला मिळाला. पण वीस युनिटच्या त्या गणिताचा जाब मी कुणाला विचारायचा?

दवाखान्यात आपली माणसे कमी नाहीत. झाडू मारणारी मावशी, स्ट्रेचर ओढणारा वॉर्डबॉय, बाळंतिणीचे कपडे धुणारी आया यांत आपली माणसे भरपूर भेटतात. वर नर्सिंगच्या टेबलाजवळ, प्रयोगशाळेत, औषधाच्या खिडकीमागे आणि डॉक्टरांच्या खोलीत मात्र ती विरळ होत जातात. खालून वर जाण्याच्या या जिन्याला पायऱ्या अनेक आहेत : पैसा, इंग्रजी, ओळखीपाळखी. आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही ती पायरी म्हणजे गणित.

हे गणित फार अवघड आहे काय? वाचकांनी स्वतःच बघावे. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे आहे. ४ तास म्हणजे २४० मिनिटे. सलाईनच्या सेटमधून १ मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर एकूण थेंब १०,०००. भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. सेट १५ थेंबांचा असेल तर सुमारे ३१. दुसरे उदाहरण लहान मुलाच्या तापाच्या औषधाचे. मूल १० किलोचे आणि डॉक्टरांनी पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम लिहिले, म्हणजे १५० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२५’ असेल तर ६ मिलिलिटर द्यायचे, ‘५ मिलिलिटरमध्ये २५०’ असेल तर ३. आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंबांचे औषध असेल तर फक्त दीड. बाटली न वाचता तेही ६ मिलिलिटर पाजले, तर लेकराच्या पोटात चौपट औषध जाते.

प्रयोगशाळेत रक्त २० पट पातळ करून काचेच्या चौकोनांतल्या पांढऱ्या पेशी मोजतात. चार मोठ्या चौकोनांतल्या पेशींना ५० ने गुणायचे, हे पाठ सगळे करतात. पण ५० कुठून आले, हे ज्याला कळते तोच चुकलेला रिपोर्ट ओळखतो. फरशी पुसणाऱ्या मावशीलाही गणित लागते. ५ टक्के जंतुनाशकाचे १ टक्का करायचे तर एका भागात पाणी ४ भाग घालायचे, ५ नव्हे. आशाताईला शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढावी लागते. या सगळ्यात गुणोत्तर, प्रमाण, टक्केवारी, एकक बदलणे आणि सरासरी यांपलीकडे काय आहे? सगळे दहावीच्या आतले आहे. फरक इतकाच, की इथे चूक झाली तर गुण कापले जात नाहीत, माणूस दगावतो.

आता विदर्भातल्या आपल्या बांधवांसाठी सर्वांत जिव्हाळ्याचे गणित सांगतो. सिकलसेल हा आजार आदिवासी समाजाप्रमाणे विदर्भातल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता ४ त १, वाहक असण्याची ४ त २ आणि पूर्ण निरोगी असण्याची ४ त १ असते. हे ‘प्रत्येक गरोदरपणात’ नीट समजले नाही की अनर्थ होतो. ‘पहिला आजारी निघाला, आता पुढचे तिघे चांगले होणार,’ असा हिशेब करणारी माणसे मी पाहिली आहेत. दुसराही आजारी निघाला की सुनेला पांढऱ्या पायाची ठरवले जाते. निसर्ग मागचा हिशेब लक्षात ठेवत नाही. प्रत्येक वेळी नाणेफेक नव्याने होते. अंधश्रद्धेवर शंभर भाषणे करून जे साधत नाही, ते संभाव्यतेचा एक तास साधू शकतो.

आणि गंमत अशी, की संभाव्यतेचे प्रकरण दहावीच्या पुस्तकात आहेच! २०१८ साली आलेले गणित भाग १ चे पुस्तक उघडून पाहा. नाणी आहेत, फासे आहेत, पत्ते आहेत. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मुलाला पत्त्यांच्या कॅटातला राजा निघण्याची शक्यता काढता येते. त्याच्याच घरात बसलेल्या आजाराची शक्यता मात्र ते प्रकरण त्याला शिकवत नाही. त्याच पुस्तकात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे, त्यात जीएसटी आणि शेअर्स आहेत. व्यापाऱ्याच्या आणि गुंतवणूकदाराच्या मुलाचे घर पुस्तकात आले, त्याबद्दल तक्रार नाही. मग नर्सचे टेबल, औषधाची बाटली, कुपोषित बाळाच्या दंडाचा घेर पुस्तकात का येऊ नये?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिले. बहुजनांच्या मुलांना प्राथमिक शाळेत काय शिकवावे, याची जी यादी त्यांनी दिली त्यात हिशेबही होता आणि आरोग्याचे धडेही होते. दोन्ही एकाच यादीत! तात्यासाहेबांना सुचले ते तज्ज्ञांच्या समित्यांना अजून सुचू नये?

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, “वकीलसाहेब, २० गुणांचा नियम आपल्याच मुलांच्या फायद्याचा आहे. गणितात नापास झाले की पोरगं शाळा सोडतं, पोरीचं लग्न उरकतात.” यात तथ्य आहे. एका विषयासाठी कुणाचे शिक्षण थांबू नये, हे मलाही मान्य आहे. माझा विरोध पुढे जाऊ देण्याला नाही, शेऱ्याला आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मारलेला शिक्का आयुष्यभर पुसला जात नाही. जन्मावरून दारे बंद करणारी व्यवस्था आपण पाहिली. आता गुणपत्रिकेवरून दारे बंद करणारी येऊ घातली आहे. ज्या शाळेत गणिताचा शिक्षक नाही तिथल्या मुलाला आणि ज्याला दोन-दोन शिकवण्या आहेत त्यालाही एकच शेरा, याला समता म्हणायचे काय?

कायद्याच्या अंगाने पाहिले तर दुखणे आणखी खोल आहे. संविधानाच्या कलम २१-क ने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण तो ६ ते १४ वर्षांपर्यंतच. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही आठवीपाशी थांबतो. म्हणजे नववी-दहावी, जिथे गणित सुटते आणि मुलगा सुटतो, नेमकी तीच दोन वर्षे हक्काच्या कुंपणाबाहेर राहिली. तिथे उरते ते कलम ४६ : दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित राज्याने विशेष काळजीने जपावे. ही काळजी शेरा मारून घ्यायची असते काय?

डॉक्टर व्हायचे म्हणून गणित सोडून जीवशास्त्र घेणाऱ्या मुलांचेही तेच होते. नीटच्या ७२० गुणांपैकी १८० गुण भौतिकशास्त्राचे आहेत. भौतिकशास्त्राची उदाहरणे गणिताशिवाय सुटत नाहीत. गणित सोडले म्हणून ते पाठ सोडत नाही. आपली मुले तिथे अडखळतात आणि मग बाहेर बोलले जाते की ‘यांच्यात गुणवत्ता नाही’. गुणवत्ता आहे. ज्या वयात पाया भरायचा त्या वयात फळ्याजवळ कुणी बोलावले नाही, हे खरे दुखणे आहे.

मग काय करायचे? सरकारकडे मागण्या स्पष्ट हव्यात. गुणपत्रिकेवरचा शेरा नको. नववी-दहावीच्या गणितात औषधाची मात्रा, द्रावणे, सलाईनचा वेग, वाढीचे तक्ते आणि सिकलसेलची संभाव्यता यांवरची उदाहरणे हवीत. जीएनएम, एएनएम आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ अभ्यासक्रमांच्या सुरुवातीला गणिताची मराठीतून उजळणी हवी. समाजकल्याणच्या वसतिगृहांत गणिताचा शिक्षक हवा. बार्टीने नीटच्या शिकवणीबरोबरच आठवी-नववीच्या पायाकडेही पाहावे.

पण सगळे सरकारवर टाकून आपण मोकळे होणार असू, तर तो आंबेडकरवाद नव्हे. आपल्या प्रत्येक शहरात एखादी नर्स, एखादा औषधविक्रेता, एखादी प्रयोगशाळेतली ताई आपल्या समाजाची आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर दीड तास तिने नववी-दहावीच्या मुलांना द्यावा. रिकामी सलाईनची बाटली, सुईविना सिरिंज, औषधांची रिकामी खोकी आणि एक फळा, एवढे साहित्य पुरे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग यात घातला, तर मिरवणुकीची शोभा कमी होणार नाही.

आमच्या वस्तीत हा वर्ग आम्ही सुरू केला आहे. शिकवायला येते ती तीच नर्स, जिची नोकरी गेली होती. पहिल्या दिवशी तिने फळ्यावर दोन कुप्या काढल्या, एकीवर ४० लिहिले, दुसरीवर १००. मग मागच्या ओळीत लपून बसलेल्या एका मुलीला म्हणाली, “ये गं, फळ्याजवळ ये.”

मुलगी लाजत उठली आणि फळ्याजवळ गेली. आपल्या प्रत्येक वस्तीतून आता अशी हाक यायला हवी.

जयभीम!