दोघांचं भांडण नाही हे, तिघांची शीव आहे

जिल्हा विभाजनाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला वाद मुख्यालयाचा. श्रीरामपूर की संगमनेर की शिर्डी? त्यावर रात्र रात्र लोक एकमेकांची उणीदुणी काढतात. मी आज त्यात पडणार नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आपल्या जिल्ह्याच्या शिवेला एकूण किती जिल्हे लागतात?

मोजा. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे, ठाणे. सात. ठाणे ऐकून काहीजण दचकतील, पण अकोल्याच्या घाटमाथ्यावर उभं राहून खाली बघा, समोर शहापूर-मुरबाड दिसतं. 17,048 चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, 14 तालुके, महाराष्ट्रातला आकाराने सगळ्यात मोठा जिल्हा. शेजारी जास्त असणार हे ओघानं आलंच.

पण नुसते सात शेजारी असणं ही अर्धी गोष्ट झाली. हे सातही जण एकमेकांना साखळीसारखे चिकटलेले आहेत. नाशिकला संभाजीनगर लागतं, संभाजीनगरला बीड, बीडला धाराशिव, धाराशिवला सोलापूर, सोलापूरला पुणे, पुण्याला ठाणे, आणि ठाण्याला परत नाशिक. बैलगाडीचं चाक डोळ्यासमोर आणा. नगर म्हणजे तुंबा, आणि या सातांच्या आपसातल्या हद्दी म्हणजे आरे. प्रत्येक आरा जिथं तुंब्यात घुसतो, तिथं तीन जिल्हे एका ठिकाणी भेटतात आणि तिघंही एकमेकांचे शेजारी असतात. अशा सात तिहेरी शिवा आपल्या जिल्ह्याला आहेत.

हरिश्चंद्रगड घ्या. पाचनईकडून चढलात तर नगर जिल्हा, खिरेश्वरकडून पुणे, आणि बेलपाड्याच्या नळीच्या वाटेने आलात तर ठाणे. तिथून उत्तरेला घाटघर-कुलंगच्या बाजूला नगर, ठाणे, नाशिक. कोपरगावकडे येवला आणि वैजापूर, म्हणजे नगर, नाशिक, संभाजीनगर. शेवगावच्या अंगाला पैठण आणि गेवराई. जामखेडच्या एका बाजूला पाटोदा-भूम, दुसऱ्या बाजूला परांडा-करमाळा. आणि कर्जतच्या खाली, उजनीच्या फुगवट्याकडे, करमाळा आणि इंदापूर.

आता थोडं बाहेर डोकावू, कारण ही भानगड जगात सगळीकडे आहे. तीन देश आणि तिघंही एकमेकांना लागून, असं पुष्कळ ठिकाणी सापडतं. भारत, चीन, नेपाळ. भारत, चीन, भूतान. भारत, बांगलादेश, म्यानमार. चार देश आणि चौघंही एकमेकांचे शेजारी, हे मात्र दुर्मिळ. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम आणि त्यांच्या मधोमध लक्झेंबर्ग. ब्राझील, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि मधे पॅराग्वे. टांझानिया, झांबिया, मोझांबिक आणि मधे मलावी. प्रत्येक ठिकाणी एकजण उरलेल्या तिघांच्या वेढ्यात अडकलेला दिसेल. आणि पाच? पाच सलग प्रदेश, प्रत्येकाची हद्द प्रत्येकाला लागलेली, असा नकाशा काढताच येत नाही. पोरांना कागद-पेन्सिल देऊन बसवा, दुपार निघून जाईल, पण पाचवा बसणार नाही. गणितानं ते सिद्ध झालेलं आहे.

हे सगळं का सांगतोय? कारण जिथं तिघंही एकमेकांचे शेजारी असतात, तिथं दोघांनी परस्पर केलेला करार टिकत नाही. तिसरा घरातच बसलेला असतो. 2017 मध्ये डोकलामला जे झालं ते अशाच जागी झालं. भारत, चीन, भूतान जिथं मिळतात तिथं चीनने रस्ता करायला घेतला. भारताचं म्हणणं एवढंच होतं की तिघांची हद्द तिघांना विचारल्याशिवाय ठरवायची नाही. त्यापायी दोन महिन्यांहून जास्त काळ दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती.

उलट उदाहरणही आहे, आणि ते पाण्याचंच आहे. पाराना नदीवर ब्राझील आणि पॅराग्वेने 1973 मध्ये इताइपू धरणाचा करार केला. खालच्या अंगाला अर्जेंटिना. तो बिथरला, कारण वरून कधी किती पाणी सुटणार यावर त्याचे स्वतःचे प्रकल्प अवलंबून होते. तिन्ही देशांत त्यावेळी लष्करी हुकूमशाही, प्रेमाचा तर प्रश्नच नव्हता. तरी 1979 मध्ये तिघं एका टेबलावर बसले आणि पाण्याची पातळी, विसर्गाची मर्यादा लिहून सह्या केल्या. हुकूमशहांना जे जमलं ते आपल्या लोकशाहीतल्या तीन जिल्ह्यांना जमायला काय हरकत आहे?

आता आपल्या घरात या.

गोदावरीवर आपला त्रिकोण आहे नाशिक, नगर, संभाजीनगर. निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर कोपरगाव-राहात्याची शेती इंग्रजांच्या काळापासून उभी आहे. तिथूनच निघणारा जलद कालवा वैजापूर-गंगापूरकडे जातो. एका बंधाऱ्यावर तीन जिल्ह्यांचं पोट. आणि खाली पैठणला जायकवाडी. तिच्या फुगवट्यात नेवासा आणि शेवगावची गावं बुडाली, हे पैठणकडचे विसरतात आणि कधीकधी उत्तर नगरवालेही विसरतात.

2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये सूत्र दिलं, 2014 मध्ये प्राधिकरणाचा आदेश झाला, 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरलं. सोपं करून सांगायचं तर 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांमधून पाणी सोडायचं. 2015, 2018, 2023, तिन्ही वेळा सोडावं लागलं. 2023 ला सुमारे 8.6 टीएमसी ठरलं, आपल्या मुळा-प्रवरेतून आणि नाशिकच्या गंगापूर-दारणेतून. प्रत्येक वेळी चित्र तेच. आधी कोर्टबाजी, मग आंदोलनं, मग पोलीस बंदोबस्त. नदीकाठच्या मोटारींची वीज तोडायची, बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, आणि कोरड्या पात्रातून पाणी ढकलायचं. वाटेत किती मुरतं ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

यावेळी आपण काय म्हणतो? "आमच्या हक्काचं पाणी मराठवाड्याने पळवलं."

ठीक. आता दक्षिणेत चला. कुकडीवर आपला त्रिकोण आहे पुणे, नगर, सोलापूर. धरणं जुन्नर-आंबेगावात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. पाणी येतं पारनेर, श्रीगोंदा, कर्जतला, आणि शेवटी सोलापूरच्या करमाळ्याला. इथं आपण वरचे नाही, इथं आपण टेलचे. आवर्तन लांबलं की श्रीगोंदा-कर्जतचा शेतकरी म्हणतो, "वरच्यांनी पाणी अडवलं." डिंभे-माणिकडोह बोगद्याचं नाव काढलं की जुन्नर-आंबेगाव म्हणतं, "आमच्या हक्काचं पाणी नगरने पळवलं." आणि आपल्याही खाली बसलेला करमाळ्याचा माणूस आपल्याबद्दल काय बोलतो, ते एकदा त्या बाजाराला जाऊन ऐका.

वाक्यं शब्दशः तीच आहेत की नाही? फक्त तोंडं बदलली.

माझा मुद्दा इथं आहे, आणि तो काही मित्रांना झोंबेल. नगर जिल्हा हा मधला जिल्हा आहे. गोदावरीवर आपण नाशिकच्या खाली आणि पैठणच्या वर. कुकडीवर जुन्नरच्या खाली आणि करमाळ्याच्या वर. त्यामुळं "धरण ज्याच्या हद्दीत, पाणी त्याचं" हा नियम आपल्याला परवडणारच नाही. तो नियम मुळा-भंडारदऱ्याला लावला तर उत्तरेत टाळ्या पडतील, पण त्याच दिवशी कुकडीवरचा श्रीगोंदा-कर्जतचा दावा संपला. आणि "टेलला आधी पाणी" हा नियम कुकडीला मागायचा तर जायकवाडीपुढे तोंड फिरवता येणार नाही. एका जिल्ह्याला दोन तराजू ठेवता येत नाहीत. राहुरीत एक माप आणि राशीनला दुसरं, असं किती दिवस चालणार?

मग तोडगा काय? माझ्या मते तोडगा तिघांनी बसण्याचा आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडं होत नाही.

का होत नाही, याचं एक साधं कारण बघा. आपले सात शेजारी आणि आपण मिळून चार महसुली विभागांत वाटलेले आहोत. नगर आणि नाशिक नाशिक विभागात. संभाजीनगर, बीड, धाराशिव संभाजीनगर विभागात. पुणे आणि सोलापूर पुणे विभागात. ठाणे कोकण विभागात. म्हणजे जामखेड, करमाळा, परांडा या एकमेकांना खेटून असलेल्या तीन तालुक्यांचे साहेब तीन वेगवेगळ्या आयुक्तांना उत्तर देतात. पाण्याचंही तसंच. मुळा-प्रवरा गोदावरी महामंडळाकडे, कुकडी कृष्णा खोऱ्याकडे. सीना नगरजवळ उगवते, आष्टीला खेटून वाहते, मग करमाळा-परांड्याकडे जाते. चार जिल्हे तिच्या काठावर, पण तिच्या नावाने चौघं एकत्र कधी बसतात?

काहीजण म्हणतील, प्राधिकरण आहे, कालवा सल्लागार समित्या आहेत, अजून एक समिती कशाला? प्राधिकरण निवाडा देतं. निवाडा भांडण झाल्यावर लागतो. कालवा समितीत तिन्ही जिल्ह्यांचे आमदार बसतात हे खरं, पण ती बसते पुण्यात नाहीतर मुंबईत, आवर्तनाची तारीख ठरवते आणि उठते. शिवेवर मोजलेलं पाणी किती आलं, किती गेलं, याचा तिघांनी मान्य केलेला एक आकडा समोर नसतो. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून प्रत्येकाचा राग खरा.

माझी मागणी तीन ओळींची आहे.

एक, प्रत्येक तिहेरी शिवेवरच्या तीन जिल्हाधिकाऱ्यांची आणि पाटबंधारेच्या अभियंत्यांची वर्षातून दोनदा ठरलेली बैठक. एक पावसाळा संपायच्या आत, एक उन्हाळी आवर्तनाआधी. बैठक शिवेवरच्या तालुक्यात, लोकांसमोर.

दोन, कालवा किंवा नदी जिल्ह्याची हद्द ओलांडते तिथं मोजमाप, आणि तो आकडा रोज तिन्ही बाजूच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर.

तीन, जायकवाडीसाठी सोडायचंच आहे तर ते पावसाळ्यात नदी वाहती असतानाच, आधी ठरवून सोडा. पात्र ओलं असताना नासाडी कमी होते, वीज तोडावी लागत नाही, आणि नोव्हेंबरातला तमाशा टळतो.

यात आपलं पाणी जास्त जाईल अशी भीती दाखवली जाईल. अहो, ते कोर्टाच्या आदेशाने जातंच आहे. आज ते आपल्याला न विचारता जातं, एवढाच फरक.

युरोपात 1985 मध्ये सीमेवरची तपासणी उठवायचा करार झाला तो शेंगेनला. लक्झेंबर्गमधलं एक छोटं गाव. मोझेल नदीत बोट उभी करून सह्या झाल्या, कारण फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्गची हद्द तिथंच मिळते. पॅरिसला नाही, बॉनला नाही. शिवेवरचा प्रश्न शिवेवरच सुटला. आणि आपल्याकडं 6 मे 2025 ला अख्खं मंत्रिमंडळ चौंडीला येऊन बसलं होतं. मंत्रिमंडळ जामखेड तालुक्यात येऊ शकतं, तर तीन कलेक्टर का येऊ शकत नाहीत?

जिल्ह्याचं विभाजन व्हावं की नाही, हा वेगळा विषय. अकोल्याच्या माणसाला साध्या कामासाठी शंभराहून जास्त किलोमीटर यावं लागतं, त्याचं दुखणं खरं आहे. पण उद्या दोन जिल्हे झाले तरी जुन्नर जाग्यावरून हलणार नाही आणि पैठणही हलणार नाही. उलट आपल्याच दोन जिल्ह्यांमधे नवी हद्द येईल, तिच्या दोन्ही टोकांना नव्या तिहेरी शिवा तयार होतील, आणि मुळेच्या पाण्यावर राहुरी विरुद्ध नेवासा असं भांडण कागदावर चढेल. बसायची सवय आत्ताच लावली नाही तर तेव्हा आपण आपल्याच भावाशी कोर्टात असू.

खर्ड्याला 1795 मध्ये मराठे आणि निजाम लढले. पुढं 1948 पर्यंत ही निजामाची शीव होती, गोदावरीच्या पल्याड दुसरं राज्य होतं. ती शीव जाऊन इतकी वर्षं झाली. आज आष्टीच्या पेशंटला बीडपेक्षा नगरचा दवाखाना जवळ पडतो. सोयरिकी या शिवेवरून होतात, बाजार होतो, ऊसतोडीची टोळी येते-जाते. माणसांना हद्द आडवी येत नाही, ती फायलींना येते.

तुमच्या गावाची शीव दुसऱ्या जिल्ह्याला लागत असेल तर खाली लिहा. कोणता जिल्हा, पाण्याचा काय अनुभव, आणि शिवेपलीकडच्या माणसाचं म्हणणं काय. त्यांचंही लिहा, फक्त आपलं नको. सातही शिवांवरून लिहून आलं तर ते सगळं एकत्र करून आपण तिन्ही बाजूच्या लोकप्रतिनिधींना एकाच कागदावर देऊ.